पाण्यावर उठणाऱ्या तरंगांवरून रक्तातला रेणू ओळखता येतो? किल्लारीचा भूकंप आणि नांदेडच्या प्रयोगशाळेशी याचा काय संबंध, समजून घ्या

किनवट, माहूर, देवणी किंवा जळकोट. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या टोकाला असलेल्या या तालुक्यांतल्या गावांमध्ये एखादी जरा वेगळी तपासणी डॉक्टरांनी लिहून दिली, की नमुना बऱ्याचदा जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा लागतो. तिथे महागडं यंत्र असतं, रसायनं असतात, ती चालवणारा तंत्रज्ञ असतो. रिपोर्ट येईपर्यंत पेशंटचे नातेवाईक वाट बघत बसतात.

आता कल्पना करा, हीच तपासणी एका छोट्या ताटलीत करता आली तर? ताटलीत थोडा द्रव, खाली एक बारका स्पीकर, वर मोबाइलचा कॅमेरा. स्पीकर थरथरला की द्रवावर बारीक तरंग उठणार आणि त्या तरंगांची नक्षी बघून कळणार, की या द्रवात अमुक एक प्रथिन आहे की नाही.

ऐकायला हे एखाद्या रीलमधल्या जुगाडासारखं वाटतं, पण यामागचं विज्ञान खरं आहे आणि ते सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. द्रवाच्या पृष्ठभागावरच्या लाटांवरून जैविक रेणू शोधण्याच्या पद्धतींवर जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये काम सुरू आहे. ही गोष्ट नेमकी चालते कशी, ती कुठे अडते आणि मराठवाड्यातल्या माणसाला तिचं काय, हे एकेक करून बघू.

आधी पाण्याचा 'ताण' समजून घेऊ

विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यावर लांब पायांचे किडे आरामात चालताना तुम्ही पाहिले असतील. ते बुडत नाहीत, कारण पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. पाण्याच्या आतल्या रेणूला चारही बाजूंनी शेजारी असतात आणि सगळे त्याला सारखंच ओढतात. वरच्या थरातल्या रेणूला मात्र वरच्या बाजूला पाण्याचे शेजारी नसतात. त्यामुळे त्याच्यावरची ओढ आत आणि बाजूला असते. पृष्ठभाग जमेल तेवढा आक्रसून घ्यायला बघतो. यालाच शाळेच्या पुस्तकात पृष्ठीय ताण म्हणतात.

शुद्ध पाण्याचा पृष्ठीय ताण २५ अंश सेल्सिअसला साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. आकडा लक्षात ठेवायची गरज नाही. पण पाण्यात काही मिसळलं की हा आकडा बदलतो, एवढं मात्र लक्षात असू द्या. पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

सगळ्या लाटा सारख्या नसतात

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयावर वारा सुटला की मोठ्या लाटा उठतात. वर गेलेलं पाणी खाली ओढायचं काम तिथे गुरुत्वाकर्षण करतं. पण पावसाचा थेंब डबक्यात पडल्यावर जी बारीक बारीक वलयं पसरतात, त्यांच्या बाबतीत गुरुत्वाकर्षणाचा जोर फारसा चालत नाही. तिथे पृष्ठीय ताणाचं राज्य असतं.

या दोघांची सीमारेषा कुठे आहे? दोन शिखरांमधलं अंतर सुमारे १.७ सेंटीमीटर असेल, तर दोन्ही शक्ती बरोबरीला येतात. पाण्यावरची सगळ्यात संथ लाट हीच असते. तिचा वेग सेकंदाला साधारण २३ सेंटीमीटर. हे गणित लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडलं.

त्याहून बारीक तरंगांचा आकार आणि वेग मुख्यतः पृष्ठीय ताणावर ठरतो. म्हणजे तरंग मोजला की ताण कळतो. आणि ताण कळला की पाण्याच्या पृष्ठभागावर कोण येऊन बसलंय, याचा सुगावा लागतो.

पृष्ठभागावर येऊन बसतं तरी कोण?

साबणाचा रेणू घ्या. त्याचं एक टोक पाण्यात रमणारं आणि दुसरं पाण्यापासून लांब पळणारं असतं. असा रेणू पाण्यात टाकला की तो पृष्ठभागावर येतो, पाणी आवडणारं टोक खाली आणि न आवडणारं टोक वर हवेत काढून बसतो. असे असंख्य रेणू जमले की पाण्याचा ताण कमी होतो.

आपल्या शरीरात असे दोन स्वभावांचे रेणू भरपूर आहेत. पित्तातले क्षार, पेशींभोवतीच्या आवरणातले मेदरेणू, रक्तातली प्रथिनं. प्रथिन पाण्यात विरघळवलं की त्याचे काही रेणू पृष्ठभागावर येतात, तिथे थोडे उलगडतात आणि पाण्याचा ताण ७२ वरून ५० च्या आसपास उतरू शकतो.

हा थर किती पातळ असतो, याचा अंदाज अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांच्या एका प्रयोगातून येतो. त्यांनी लंडनच्या क्लॅपहॅम भागातल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि १७७४ मध्ये त्याची हकीकत छापली. तेल पसरत पसरत सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने २० गुंठे पाणी आरशासारखं शांत झालं. चमच्यात पाच मिलिलिटर तेल धरलं आणि ते २० गुंठ्यांवर पसरवलं, तर थराची जाडी येते फक्त अडीच नॅनोमीटरच्या आसपास. एका रेणूच्या उंचीएवढी! फ्रँकलिन यांनी स्वतः हे गणित केलं नव्हतं, पण लाटा शांत झाल्याचं त्यांनी बरोबर टिपलं होतं.

इतक्या पातळ थराने लाट कशी काय थांबते? तरंग पुढे सरकताना पृष्ठभाग कुठे ताणला जातो, कुठे दबतो. जिथे ताणला जातो तिथे थर विरळ होतो आणि ओढ वाढते. जिथे दबतो तिथे थर दाट होतो आणि ओढ कमी होते. या ओढाताणीत वरचं पाणी मागे-पुढे खेचलं जातं, त्याच्या खालच्या पाण्याशी घर्षण होतं आणि तरंगाची ऊर्जा त्यातच खर्च होते. म्हणून स्वच्छ पाण्यावर तरंग लांबपर्यंत जातो आणि तेलकट पाण्यावर लवकर मरतो.

थोडक्यात, पृष्ठभागावर रेणूंचा थर आला की दोन गोष्टी बदलतात. तरंगाची लांबी आणि तरंग विझण्याचा वेग. तपासणीसाठी याच दोन गोष्टी मोजायच्या असतात.

डॉक्टरांनी हा गुण आधीच वापरलाय

द्रवाच्या पृष्ठभागावरून आजार ओळखण्याची कल्पना नवी नाही. लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेल्या कुणालाही 'हे' यांची चाचणी विचारून बघा. मॅथ्यू हे या स्कॉटिश डॉक्टरच्या नावाने ती ओळखली जाते. काविळीच्या पेशंटच्या लघवीवर गंधकाची बारीक पूड भुरभुरायची. साध्या लघवीवर पूड तरंगत राहते. पण पित्तनलिका तुंबल्यामुळे कावीळ झाली असेल, तर पित्तातले क्षार लघवीत उतरतात, पृष्ठीय ताण कमी होतो आणि पूड खाली बुडते. ना वीज, ना यंत्र. अनेक कॉलेजांच्या प्रात्यक्षिकांमध्ये ही चाचणी आजही शिकवली जाते.

दुसरं उदाहरण जीवन-मरणाचं आहे. आपल्या फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. या पाण्याचा ताण पूर्ण जोरात असता, तर प्रत्येक श्वास सोडताना फुगे मिटून चिकटले असते. तसं होत नाही, कारण फुप्फुस स्वतःच एक साबणासारखा पदार्थ तयार करतं. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. जॉन क्लेमेंट्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठीय ताण मोजून हे दाखवलं. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी पुढचा दुवा जोडला. वेळेआधी जन्मलेली जी बाळं श्वास घेता न आल्याने दगावत होती, त्यांच्या फुप्फुसात हाच पदार्थ पुरेसा नव्हता.

त्या काळी यावर इलाज नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाकडेही त्यावर औषध नव्हतं.

पुढे १९७२ मध्ये क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी मांडली. गर्भजल अल्कोहोलबरोबर नळीत घेऊन हलवायचं आणि बुडबुडे टिकतात का बघायचं. टिकले तर बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट तयार झालंय, असं समजायचं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन अशी बाळं वाचवता येतात हे दाखवलं. आज वेळेआधी जन्मलेल्या बाळांना श्वासनलिकेतून हेच औषध दिलं जातं.

म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरचा एक रेणू असणं आणि नसणं, यात एका बाळाचा श्वास अडकलेला असतो.

आता येतात तरंग

गंधकाची पूड किंवा बुडबुडे फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतात. किती आहे, हे सांगायला माप लागतं. तरंग ते माप देतात.

१८३१ मध्ये मायकल फॅरेडे यांनी एक गमतीशीर गोष्ट नोंदवली. द्रव ठेवलेली ताटली वर-खाली थरथरवली की पृष्ठभागावर चौकटींसारखी स्थिर नक्षी उमटते. आणि हे तरंग ताटलीच्या निम्म्या गतीने हलतात. म्हणजे ताटली सेकंदाला २०० वेळा थरथरली, तर तरंग १०० वेळा वर-खाली होतात.

यावर एक छोटं गणित करू. सेकंदाला १०० वेळा हलणाऱ्या तरंगाची लांबी स्वच्छ पाण्यावर सुमारे ३.६ मिलिमीटर येते. त्याच पाण्यात प्रथिन मिसळून ताण ५० वर आला, तर लांबी होते सुमारे ३.२ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण एका फोटोत अशा वीस-पंचवीस चौकटी एकदम मोजल्या तर तो साध्या कॅमेऱ्यातही पकडता येतो. स्पीकर, ताटली आणि मोबाइल एवढ्यावर तपासणीची कल्पना उभी राहते ती यामुळेच.

प्रयोगशाळांमध्ये याहून नाजूक पद्धतीही आहेत. एका पद्धतीत ताटली हलवतच नाहीत. कुठलाही द्रव पूर्ण शांत दिसला तरी उष्णतेमुळे त्याच्या पृष्ठभागावर सतत अतिसूक्ष्म तरंग उठत असतात. त्यांची उंची एक नॅनोमीटरहूनही कमी. डोळ्याला ते दिसणं शक्य नाही, पण लेसरचा किरण त्यांच्यावरून किंचित विखुरतो. त्या विखुरलेल्या प्रकाशावरून तरंगांची गती आणि ते किती लवकर विझतात, हे काढता येतं. द्रवाला हातही न लावता.

पण तरंगाला कसं कळतं, रेणू कोणता आहे?

हा खरा कळीचा प्रश्न आहे. ताण कमी झाला एवढं कळलं, पण तो साबणाने कमी केला की प्रथिनाने? डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन होतं की रोजच्या जेवणातला मेद?

नुसता तरंग याचं उत्तर देऊ शकत नाही. रक्ताचंच बघा. आपल्या रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन नावाचं प्रथिन साधारण ३५ ते ५० मिलिग्रॅम असतं. ते निरोगी माणसातही असतं. डेंग्यूच्या तपासणीत जे 'एनएस-१' प्रथिन शोधतात, ते याच्या हजारो पटींनी कमी असतं. पृष्ठभागावर अल्ब्युमिनचीच गर्दी होणार. त्या गर्दीत एनएस-१ चा आवाज तरंगाला ऐकू येणार नाही.

त्यासाठी शास्त्रज्ञ पृष्ठभागावर आधीच एक 'गळ' लावून ठेवतात. पाण्यावर मेदरेणूंचा एकेरी थर पसरवायचा आणि त्यातल्या काही रेणूंच्या पाण्याकडच्या टोकाला असा रेणू जोडायचा, जो फक्त ठरावीक प्रथिनालाच पकडतो. कुलपात तिचीच किल्ली बसते तसं. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, हे काम करतात. हवं ते प्रथिन खालून येऊन गळाला लागलं की थर जड आणि ताठर होतो. त्यावरून जाणारा तरंग वेगळा वागतो. प्रथिन नसेल तर थर होता तसाच राहतो.

कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या रॅपिड टेस्टमध्येही अँटिबॉडीचाच गळ होता. फक्त तिथे प्रथिन सापडल्याची खूण म्हणून रंगीत रेघ उमटायची. इथे त्या रेघेची जागा तरंग घेतो.

किल्लारीचा भूकंप मध्येच कुठून आला?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं हादरली. हजारो माणसं झोपेतच गेली. मराठवाड्यातल्या घराघरांत ती तारीख आजही सांगितली जाते.

भूकंपात जमिनीच्या पोटातून लाटा निघतात, तशाच काही लाटा जमिनीच्या पृष्ठभागालगतही पसरतात. त्यातल्या एका प्रकाराला रेले लाट म्हणतात. तिच्यात जमीन पाण्यावरच्या लाटेसारखी वर-खाली आणि मागे-पुढे होते. लॉर्ड रेले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अशी लाट असू शकते हे १८८५ मध्ये कागदावरच्या गणिताने सांगितलं होतं. दुसरा प्रकार लव्ह लाटेचा. तिचा प्रेमाशी संबंध नाही. ऑगस्टस लव्ह यांनी १९११ मध्ये तिचं गणित मांडलं. तिच्यात जमीन आडवी, डावी-उजवीकडे हलते.

याच रेले यांनी १८९० मध्ये पाण्यावरचे बारीक तरंग मोजून स्वच्छ आणि तेलकट पाण्याचा पृष्ठीय ताण काढला होता. आज ज्याला आपण तरंगांवरून रेणू ओळखणं म्हणतोय, त्याची ही पहिली पायरी. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे जर्मनीहून एका तरुणीचं पत्र आलं. तिचं नाव अ‍ॅग्नेस पॉकेल्स. विद्यापीठाचं दार तिच्यासाठी बंद होतं. घरात स्वयंपाक आणि आजारी आई-वडिलांचं करता करता तिने एका पत्र्याच्या ट्रेमध्ये पाण्यावरच्या थरांचे प्रयोग केले होते. रेले यांनी तिचं पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते १८९१ मध्ये छापून आलं. आज प्रयोगशाळांमध्ये या कामासाठी जी यंत्रं वापरतात, त्यांचं मूळ त्या ट्रेमध्ये आहे.

भूकंप आणि ताटली यांच्यातला समान धागा सोपा आहे. लाट ज्या पृष्ठभागावरून जाते, त्याची खबर सोबत घेऊन येते. भूकंपशास्त्रज्ञ लाटांच्या वेगावरून खालचा खडक कसा आहे हे ओळखतात. किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडून पाहिलं, तेव्हा ३३८ मीटर खोलीपर्यंत काळा बेसाल्ट लागला आणि त्याखाली जुना कठीण खडक. पण प्रत्येक ठिकाणी एवढं खोल खणणं परवडत नाही. तिथे लाटाच कामाला येतात.

या दोन्ही लाटा आता जैविक तपासणीतही वापरल्या जातात, तेही अगदी छोट्या रूपात. क्वार्ट्झच्या नखाएवढ्या तुकड्यावर विजेच्या साहाय्याने सेकंदाला कोट्यवधी कंपनांची पृष्ठलाट सोडतात. वर अँटिबॉडीचा थर असतो. प्रथिन चिकटलं की लाट किंचित मंदावते आणि ते यंत्राला कळतं. रेले लाट थेंबाखालून जाताना आपली ऊर्जा द्रवातच सांडून टाकते. त्यामुळे ओल्या नमुन्यांसाठी आडवी हलणारी लव्ह लाट जास्त सोयीची ठरते. रेले लाटेवर चालणारे छोटे भाग तर तुमच्या मोबाइलमध्येच असतात. नको असलेले सिग्नल गाळायचं काम ते करतात.

नांदेडमध्ये काय चालतं?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी झाली. लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. या विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे संशोधक अनेक वर्षांपासून द्रवातले रेणू ओळखण्यासाठी लाटाच वापरत आले आहेत. फक्त त्यांची लाट पाण्यावरून जात नाही, ती पाण्यात शिरते. आणि ती सूक्ष्मलहरींची, म्हणजे मायक्रोवेव्हची असते.

पद्धत अशी. केबलमधून विजेचा एक अतिशय झटपट झटका द्रवाच्या नमुन्यापर्यंत पाठवायचा. द्रवाला धडकून तो परत फिरतो. परत आलेल्या झटक्याचा आकार मूळ आकाराशी ताडून बघायचा. पाण्याचे रेणू विजेच्या ओढीबरोबर वळतात. २५ अंशांना त्यांना वळायला साधारण ८ पिकोसेकंद लागतात, म्हणजे एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आठपट. पाण्यात अमिनो आम्लासारखे जैविक रेणू मिसळले की त्यांच्याभोवतीचं पाणी बांधलं जातं आणि त्याची वळण्याची गती बदलते. प्रथिनं याच अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनलेली असतात. त्यामुळे रेणू पाण्यात कसा वागतो, हे समजायला असा अभ्यास पायाभूत ठरतो.

ही काही दवाखान्यातली चाचणी नाही. पण लाट पाठवायची, ती बदलून आली की मधे कोण होतं ते ओळखायचं, ही विचाराची पद्धत तीच.

मग अडतंय कुठे?

पहिली अडचण उन्हाळ्याची. तापमान वाढलं की पाण्याचा पृष्ठीय ताण आपोआप कमी होतो. एका अंशाला साधारण ०.१५ मिलिन्यूटन प्रति मीटर. २५ अंशांच्या एसी लॅबमध्ये ७२ असलेला आकडा नांदेड-लातूरच्या ४२ अंशांच्या मे महिन्यात ६९ च्या आसपास येतो. तापमान मोजून दुरुस्ती केली नाही, तर यंत्र उकाड्यालाच प्रथिन समजेल.

दुसरी अडचण स्वच्छतेची. ताटलीला बोटाचा तेलकटपणा लागला, भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला, तरी तरंग बदलतो. ही पद्धत जितकी नाजूक, तितकी तिची फसगत सोपी.

तिसरी अडचण गर्दीच्या द्रवांची. दूध घ्या. देवणी आणि लाल कंधारी या गाईंच्या जाती याच दोन जिल्ह्यांतल्या, त्यामुळे दुधातली भेसळ हा इथला जिव्हाळ्याचा विषय. दुधात डिटर्जंट मिसळलं तर तरंगांवरून सहज कळेल, असं वाटू शकतं. पण चांगल्या दुधातही प्रथिनं आणि मेद असतात. त्याचा ताण मुळातच पाण्यापेक्षा बराच कमी असतो. त्यात थोडं डिटर्जंट मिसळलं तर फरक छोटाच पडेल. घरच्या घरी बघायचं असेल, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेली पद्धत जास्त उपयोगी आहे. पाच-दहा मिलिलिटर दूध, तेवढंच पाणी, जोरात हलवा. दाट फेस टिकून राहिला तर डिटर्जंटचा संशय घ्या. शुद्ध दुधावर फेसाचा पातळ थर येतो.

सगळ्यात मोठा धोका

चौथी मर्यादा जास्त गंभीर आहे आणि ती मराठवाड्याशी थेट जोडलेली आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होतं. धरण आटलं की माणूस बोअर आणि टँकरकडे वळतो, आणि मग प्रश्न पडतो की हे पाणी प्यायला चालेल का? नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात तर भूजलात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर दात डागाळतात, हाडं आणि सांधे आखडतात.

तरंगांची चाचणी हे फ्लोराइड पकडेल का? नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम. फ्लोराइड, नायट्रेट किंवा साधं मीठ यांच्या कणांना साबणासारखी दोन टोकं नसतात. ते पृष्ठभागावर येऊन बसत नाहीत, पाण्याच्या पोटातच राहतात. मर्यादेच्या तिप्पट-चौपट फ्लोराइड असलेल्या पाण्यावरही तरंग अगदी स्वच्छ पाण्यासारखेच उठतील.

म्हणून उद्या कुणी 'मोबाइल आणि स्पीकरने पाण्याची शुद्धता तपासा' असा व्हिडिओ पाठवला, तर एवढं आठवा. तरंग फक्त पृष्ठभागावर येणाऱ्या रेणूंबद्दल बोलतात. ते गप्प बसले म्हणजे पाणी सुरक्षित आहे, असा अर्थ होत नाही. बोअरच्या पाण्यासाठी रासायनिक तपासणीला पर्याय नाही.

हे दवाखान्यात कधी येणार?

लव्ह लाटेवर चालणारी छोटी यंत्रं आज संशोधकांना विकतही मिळतात. ताटलीतल्या तरंगांची पद्धत मात्र अजून प्रामुख्याने प्रयोगशाळेतच आहे. भारतात कुठलंही निदान-साधन पेशंटवर वापरायचं तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार त्याला परवानगी लागते. ते किती वेळा खरं सांगतं, किती वेळा चुकतं, हे खऱ्या पेशंटच्या नमुन्यांवर सिद्ध करावं लागतं. चुकीचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट आला तर पेशंट निर्धास्त घरी जातो, आणि डेंग्यूसारख्या आजारात ते महागात पडू शकतं.

या पद्धतीचं आकर्षण मात्र खरं आहे. तरंग उठवायला महागडी रसायनं लागत नाहीत, रंग लागत नाही आणि मोजायला लागणारा कॅमेरा आज जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे. खर्चाचा मोठा भाग उरतो तो अँटिबॉडीच्या गळाचा आणि तापमान स्थिर ठेवण्याचा. हे दोन प्रश्न स्वस्तात सुटले, तर नमुना जिल्ह्याला पाठवण्याऐवजी तालुक्यातच, कदाचित प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासता येईल.

तोपर्यंत ताप चढला तर डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी मान्यताप्राप्त लॅबमध्येच करा आणि बोअरचं पाणी वर्षातून निदान एकदा तपासून घ्या. ग्रामपंचायतीमार्फत ते नमुने देता येतात.